मुलगी रडत नाही

शिशुसदनात मी सेवा करायला जाते, असं आमच्या सिडकोतल्या गल्लीत सगळ्यांना वाटायचं. समोरच्या पूजाने तर भजनी मंडळात माझं नाव काढलं, "बघा, पन्नाशी आली, गुडघे बोलतात, तरी अनाथ लेकरांची जुनी कागदपत्रं जपायला जातात." मी नुसती हसले. जपायचं वगैरे काही नव्हतं. एका रजिस्टरातलं एक पान मला माझ्या लेकीच्या आधी गाठायचं होतं.

लेक म्हणजे वेदिका. तेवीस वर्षांची. ग्रंथालयाचा कोर्स करून तिला पहिली नोकरी लागली ती गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या ह्या शिशुसदनात. तिथली साठ-पासष्ट वर्षांची दाखल रजिस्टरं स्कॅन करायची आणि प्रत्येक मुलाची ओळ कॉम्प्युटरमध्ये भरायची. म्हणजे मोठी झालेली मुलं 'मी कुठून आलो' विचारत आली की त्यांना कपाटातल्या धुळीपुढे महिनोन् महिने ताटकळायला नको. वेदिका स्वतः तिथलीच. एक महिन्याची असताना आम्ही तिला तिथून आणली. ही गोष्ट आमच्या घरात कधीच लपवली नाही. ती शिशुसदनाला 'माझं माहेर' म्हणते आणि वर मला चिडवते, "सासर तू."

लपवली ती दुसरी गोष्ट. तिच्यापायी आम्ही जुनी गल्लीही सोडली. वेदिकाच्या आधी आम्ही तिथून एक मुलगी आणली होती. सात महिन्यांची. एकोणीस दिवस ठेवली आणि परत नेऊन दिली.

कोर्टाचा कागद व्हायच्या आधी मूल काही दिवस घरी देत, तेव्हाची ही गोष्ट. कायद्याने आम्ही गुन्हा काही केला नाही. पण शिशुसदनाचा एक नियम होता. मूल परत करणाऱ्याने कारण स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहायचं. तेव्हाच्या अधीक्षक बाई पेन पुढे करून म्हणाल्या होत्या, "हे मी लिहिणार नाही. तुमचं तुम्ही लिहा." त्यामुळे २००१ सालच्या रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या अक्षरात चार वाक्यं होती. आणि माझं अक्षर वेदिका झोपेतसुद्धा ओळखेल. शाळेत असेपर्यंत तिच्या डब्यात मी रोज एक चिठ्ठी टाकत असे. 'आज कारलं आहे, राग मानू नको.' त्या सगळ्या चिठ्ठ्या तिने बुटांच्या खोक्यात ठेवल्यात.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन कुरकुरली, "आई, जुन्या बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात आहे गं. मला एक ओळ लागत नाही."

मी पोळी लाटता लाटता म्हणाले, "मी येते वाचायला."

माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, आणि लग्नानंतर वाचनालयात. अशा शिक्षणाचा एवढा एक फायदा असतो, कुणाचंही कसलंही अक्षर लागतं. वेदिकाने पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला शेखर दिसला, माझा नवरा. त्याचा घास हातातच राहिला होता.

*

कामाची पद्धत साधी होती. टेबलावर काळं कापड, दोन बाजूंना दोन दिवे, वर कॅमेरा, आणि वेदिकाच्या पायाशी पेडल. मी पान उलटायचं, सपाट करायचं, हात बाजूला घ्यायचा. ती पेडल दाबायची, पान टिपलं जायचं. मग मी ओळ मोठ्याने वाचायची आणि ती टाइप करायची. चिकटलेली पानं सोडवायला एक बोथट केलेलं ब्लेड होतं. धूळ झाडायला बायडाबाई. ती इथली जुनी दाई, मूळची पेठकडची. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी मागच्या खोलीत राहते, कारण जायला दुसरं ठिकाण नाही.

१९५८ पासून सुरुवात केली. मी वाचायची, "क्रमांक चार. मुलगा. अंदाजे दोन दिवस. पेठ रस्त्यावर दूधवाल्याने आणला. अंगावर पुरुषाचा सदरा." किंवा, "क्रमांक अकरा. मुलगी. आणणाऱ्या बाईने स्वतःचे नाव सांगितले नाही. मुलीला गाईचे दूध पचत नाही हे मात्र दोनदा सांगितले."

अशा ओळीला वेदिका थांबायची. "दोनदा सांगितलं," ती पुन्हा म्हणायची, आणि डोळे पुसून पुढे टाइप करायची. मीही पुसायची. पण माझं अर्धं लक्ष कपाटाकडे असायचं. तिथं वरून तिसऱ्या फळीवर एक हिरव्या पाठीचं रजिस्टर होतं. एका रजिस्टराला आम्हाला चार दिवस लागत. इतर बायका दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजतात, मी हिरव्या पाठीला किती रजिस्टरं राहिली ते मोजत होते.

तिसऱ्या दिवशी बायडाबाई ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत बसली. "बाई, तुमाला कुठं तरी पायलंय."

"पाहिलं असेल मावशी. हिला न्यायला आले होते ना."

"तवा तं पायलंच. पन त्याच्या आदी बी पायलंय."

वेदिका हसली. "मावशींची मेमरी बघ आई, माझ्या कॉम्प्युटरला नाही एवढी."

माझ्या हातातलं पान निसटलं आणि फोटो हलला. "परत घेऊ या," वेदिका म्हणाली. "पान नीट धर ना गं, म्हातारी झालीस काय." त्या दिवसापासून मी बायडाबाईसाठी रोज डब्यातलं काहीतरी न्यायला लागले. शेवभाजी, थालीपीठ, एकदा पुरणपोळी. ती सगळं खायची आणि माझ्याकडे तशीच बघायची. तोंड बंद ठेवायला मी खाऊ देतेय हे तिला कळत होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र कळत होतं.

*

नवरात्रात आम्ही ऐंशी साल ओलांडलं. संक्रांतीला सत्त्याण्णव. आणि त्याच आठवड्यात उज्वला मॅडम एक अर्ज घेऊन आल्या. उज्वला मॅडम म्हणजे आत्ताच्या अधीक्षक. मवाळ बोलतात आणि नियमाला चिकट.

"वेदिका, हा जरा आधी घे. अंजली नाव. इथेच वाढली, अठराव्या वर्षी बाहेर पडली. अंबडला कंपनीत असते. तिला तिच्या ओळीची प्रत हवीय. २००१ सालची."

वेदिकाने अर्ज घेतला आणि सवयीने मोठ्याने वाचला. आता वाचायची पाळी तिची होती आणि ऐकायची माझी.

"'मी तान्ही असताना मला एकदा घर मिळाले होते असे दाई मला सांगत. एकोणीस दिवसांनी मला परत आणले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला कोणाचे नाव-पत्ता नको. मला फक्त कारण पाहिजे.'"

तिने कागद खाली ठेवला. "एकोणीस दिवस! आई, अगं आपण चप्पल परत करायलासुद्धा एवढे दिवस लावत नाही. कसली माणसं असतात!"

"असतात," मी म्हणाले.

"मला दिसू देत ते कारण. बघतेच मी."

मी बाथरूमला जाऊन नळ सोडला आणि कडी लावून उभी राहिले. अंजली. रजिस्टरातलं तिचं नाव मला माहीत होतं, पण चोवीस वर्षांत ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती अंबडला असते. शेखरही अंबडलाच कामाला जातो. काय सांगावं, एकाच टपरीवर चहा पीत असतील.

मी लिहिलेली ती चार वाक्यं खरी होती. पण कारण ते नव्हतं.

ती मुलगी रडायचीच नाही. भूक लागली तरी नाही, दुपटं ओलं झालं तरी नाही. पाळण्यात पडून नुसती बघायची. मी दार उघडून खोलीत गेले की तिचे डोळे आधीच दाराकडे लागलेले असायचे. मी जाईन तिकडे फिरायचे. पहिले दोन दिवस शेजारणी म्हणाल्या, किती गुणी पोर. पाचव्या दिवशी सासूबाई, चंद्रभागा त्यांचं नाव, म्हणाल्या, "रडत नाही ते मूल कसलं? हिच्यात बाहेरचं काहीतरी आहे." दहाव्या दिवशी त्यांनी पाळण्याखाली लोखंडी सुरी ठेवली. मी त्यांना हसले. पण एकटी असले की माझं मलाच त्या खोलीत जाववेना. एकदा दुपारी दूध द्यायचं विसरले. रडलीच नाही, तर आठवण कोण करून देणार? चार तासांनी गेले तर ती तशीच जागी, ओठ सुकलेले, दाराकडे बघत. मला असा काही राग आला, भीतीचा राग, की मी तिच्या मांडीला चिमटा काढला. रड म्हणाले. रड गं. तिने तोंड वाकडंसुद्धा केलं नाही. मी आणखी जोरात काढला. काळानिळा डाग पडला आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मला कळलं की ह्या खोलीत घाबरायचं असेल तर ते माझ्या हाताला. दुसऱ्या दिवशी मीच शेखरला म्हणाले, परत देऊ. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांना वाटलं, मी त्यांचं ऐकलं. मीही वाटू दिलं. शिशुसदनात मुलगी देताना मी तिला पायजमा घातला होता, डाग दिसू नये म्हणून.

*

रविवारी वेदिका मैत्रिणीकडे गेली तेव्हा शेखर चहाच्या कपात बघत म्हणाला, "जुने कागद असतात. एखादं पान हरवतं."

"हरवतं म्हणजे?"

"कसर खाते."

"कसर एवढी हुशार नसते शेखर, नेमकं आपलंच पान खायला."

चोवीस वर्षं तो ह्या बाबतीत गप्पच आहे. एखाद्याला वाटेल दगड आहे. पण दरवर्षी नोव्हेंबरात तो एक दिवस कामावर जात नाही आणि का ते सांगत नाही. "पोरगी आपल्याला सोडून जाईल गं," तो म्हणाला. त्याचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

सोमवारी हिरवं रजिस्टर टेबलावर आलं. अर्ज होता, म्हणून मधली सालं सोडून. सकाळभर वेदिका कपाटावरच्या याद्यांत अडकली होती. "दुपारी करू या आई. मी नि मॅडम जेवून येतो, मावशी आहेत सोबतीला." ती गेली. बायडाबाई बाहेर वऱ्हांड्यात उन्हाला बसली होती. खोलीत मी आणि ते.

पान सापडायला वेळ लागला नाही. क्रमांक नऊ. अंजली. माझं अक्षर इतकं माझं होतं की चिठ्ठीच वाटावी. मी ब्लेड उचललं. बोथट होतं, पण शिवणीजवळ दाबून ओढलं तर पान निघणार होतं. बंद रजिस्टरात कुणाला काय कळतं? म्हणतील आधीच नव्हतं. वेदिका 'पान उपलब्ध नाही' असा शेरा टाइप करेल, असे शेरे आम्ही आत्तापर्यंत नऊ टाकले होते. त्या नऊ पानांचं काय झालं असेल, हा विचार मला पहिल्यांदाच आला. कुणी कुणी ह्या खोलीत अशा दुपारी ब्लेड घेऊन उभं राहिलं असेल?

शिवण बघायला मी पान उलटलं. मागच्या बाजूला सहा मुलं होती. पहिला सनी. 'चांदवडजवळ महामार्गावर, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांत. आणणारे सहादू, ट्रकचालक. मी शुक्रवारी पुन्हा येऊन बघतो, असे म्हणाले.' आणि खाली, वेगळ्या शाईत, 'आले.'

एवढंच. आले.

हा सनी आता कुठेतरी पंचवीस वर्षांचा असणार. उद्या अर्ज करेल. आपल्याला बघायला शुक्रवारी एक माणूस परत आला होता, ही एकच चांगली बातमी त्याच्यासाठी ह्या जगात लिहिलेली आहे, आणि ती माझ्या पापाच्या पाठीला चिकटलेली.

ब्लेड शिवणीला लावलं होतं. किती वेळ ते माहीत नाही.

"कापू नका बाई."

बायडाबाई दारात होती. माझ्या हातातून ब्लेड पडलं. ते टेबलाखाली गेलं आणि तिने ते शोधायचा काही प्रयत्न केला नाही. येऊन माझ्या समोर बसली.

"पयल्याच हप्त्यात वळखलं मी तुमाला. पायजमा घालून आनली व्हती पोर. दुपट्यातली पोर, अन् पायजमा."

म्हणजे तिने तो काढला होता. म्हणजे तिला डाग माहीत होता.

"तुमी मला पुरनपोळी आनली," ती म्हणाली, "मला वाटलं आज सांगतीन. मंग वाटलं उद्या सांगतीन."

"मावशी, ती रडायची नाही हो. मी काय करू?"

"कशी रडंल? आमच्याकडचं तान्हं पोर पयले आठ दिवस रडतं. मंग गप होऊन जातं. बावीस पाळणे अन् रातपाळीला मी एकली. रडून येनार कोन? त्याला बी कळतं." तिने ब्रशने रजिस्टराची कड झाडली, धूळ नव्हती तरी. "तुमची ही दुसरी, ही आली अन् चार-पाच दिसांत तुमी नेली. हिला गप बसायला टाइमच नाय भेटला. तेवढाच फरक हाय दोगींत. लय लोकं परत द्यायची. बाईंला मी सांगायची, नेनाऱ्यांना सांगा, महिनाभर घ्या छातीशी, मंग रडंल. बाई म्हनायच्या, असं सांगितलं तर आपल्या संस्थेचं नाव जाईल."

चोवीस वर्षं मी एका तान्ह्या पोरीला घाबरले होते आणि कारण होतं बावीस पाळणे आणि एक बाई. महिनाभर. मी एकोणीस दिवसांपर्यंत पोचले होते.

जिन्यावर वेदिकाचं हसणं ऐकू आलं.

*

"क्रमांक सात," मी वाचलं. उज्वला मॅडम आमच्या मागे उभ्या होत्या, अर्जाची ओळ असली की त्या हजर राहतात. क्रमांक सात झाला. क्रमांक आठ झाला. वेदिकाने पेडल दाबलेलं होतं, पान टिपलं गेलं होतं, आता मी वाचलं काय आणि न वाचलं काय, ते कॉम्प्युटरात होतं. पण वेदिकाची नजर कीबोर्डवर होती. ती पानाकडे बघत नव्हती. ती माझ्या वाचण्यावर विसंबून होती.

"क्रमांक नऊ. अंजली. मुलगी. दाखल होताना अंदाजे तीन दिवस. नोव्हेंबर २००१, वय सात महिने, संगोपनासाठी दिली. एकोणीस दिवसांनी परत." मी पुढच्या ओळींवर हात ठेवला. "परत करण्याचे कारण."

"हं," वेदिका म्हणाली. बोटं तयार.

"मुलगी रडत नाही. पाळण्यात पडून नुसती बघते. घरातल्यांना भीती वाटते. तरी परत करत आहोत."

टाइप व्हायचा आवाज झाला आणि थांबला. "भीती वाटते? सात महिन्यांच्या बाळाची?" ती खुर्चीतून वळली, कारण बघायलाच. "कुणी लिहिलंय हे?"

मी पानावरचा हात उचलला.

तिने पान बघितलं. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला ती जागा दिसली. मुलीच्या चेहऱ्यावर ज्या ठिकाणी आई असते, ती जागा रिकामी होताना दिसली. हे मी वाढवून लिहीत नाही. तिने पुन्हा पान बघितलं, पुन्हा मला.

"नाही," ती म्हणाली.

"मी लिहिलंय वेदू."

उज्वला मॅडमनी खुर्चीची पाठ धरली. बायडाबाई उठून बाहेर गेली.

"म्हणजे मी दुसरी."

"हो."

"आणि मी रडले म्हणून ठेवलीत?"

खोटं बोलायला मला वेळ होता. एक सेकंद असेल, पण होता. "आणल्या दिवशी तू घर डोक्यावर घेतलंस," मी म्हणाले. "मी देवापुढे साखर ठेवली."

"आणि नसते रडले तर?"

"माहीत नाही."

बाहेर पाळणाघरात कुणीतरी खुळखुळा वाजवत होतं. वेदिका स्क्रीनकडे वळली. पाठ ताठ.

"शेवटचं वाक्य राहिलं," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

वाच नाही. वाचा. मी पुन्हा वाचलं. तिने अक्षरन् अक्षर टाइप केलं.

*

त्या संध्याकाळी ती स्कूटरवर मला न घेता गेली. मी बसने आले. चार दिवस ती घरात होती आणि नव्हती. जेवली, ताट घासलं, दार लावून घेतलं. शेखरने दारावर टकटक केली तर आतून म्हणाली, "बाबा, मी रडत नाहीये. काळजी करू नका." शेखर मोरीत जाऊन बसला. तिच्या खोलीपुढून जाताना मी कान द्यायची. काही ऐकू यायचं नाही, आणि तेच फार भयंकर होतं.

उज्वला मॅडमनी फोन केला. "काकू, अंजली शुक्रवारी अकराला येतेय. नियमाप्रमाणे नेणाऱ्यांचं नाव आपण पट्टीखाली झाकतो. कारण झाकत नाही, ते त्या मुलीचं आहे. तुम्हाला समोर यायची काही सक्ती नाही."

"मी येते," मी म्हणाले. ती चार वाक्यं घेऊन ती मुलगी घरी जाणार होती, आणि आयुष्यभर समजणार होती की आपल्यात भीती वाटण्यासारखं काहीतरी आहे. चिमट्याचं कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं. ते फक्त माझ्याकडे होतं.

ती बरोबर अकराला आली. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. उंच. मला वाटलं होतं डोळे ओळखू येतील. नाही आले. वेदिका कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी होती, प्रत द्यायचं काम तिचं होतं आणि ते तिने कुणाला दिलं नाही. अंजलीने कागद घेतला, उभ्यानेच वाचला. दोनदा. तिला 'तू' म्हणायचा हक्क मला नव्हता.

"ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "पण खरं कारण त्यात नाही. तुम्ही बसता का?"

ती बसली. मी सांगितलं. सुरी, दूध, चिमटा, दुसरा चिमटा, पायजमा. बायडाबाईने सांगितलेले बावीस पाळणेही सांगितले. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी तिच्या हाताकडे बघत होते, तो उठेल म्हणून. उठला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझ्यात काही नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटायचं काहीतरी रोग असेल. मी दोनदा सगळ्या टेस्ट करून घेतल्या. कंपनीतल्या डॉक्टरने विचारलं, मॅडम तुम्हाला नेमकं काय होतंय? मी म्हटलं, तेच तर बघा ना." ती हसली, आणि ते हसू ऐकवत नव्हतं. मग तिने कागदाची घडी घातली, उघडली. "एक विचारू? इथलं माझं नाव अंजली. पण घरी नेल्यावर लोक नाव बदलतात. बारसं करतात. तुम्ही त्या एकोणीस दिवसांत मला काय म्हणत होतात?"

बाकी सगळ्याची तयारी मी केली होती. शिव्यांची, तोंडावर दार लावून घेण्याची, पोलिसांचीसुद्धा. हे कुणी विचारेल असं माझ्या स्वप्नात नव्हतं. ते नाव सासूबाईंनी पाटावर कुंकवाने लिहिलं होतं, जुन्या गल्लीत पेढे वाटून झाले होते, पाळण्यावर दोऱ्याने भरून झालं होतं. दोन महिन्यांनी दुसरी आली तेव्हा मी म्हणाले, असू दे तेच.

मी वेदिकाकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा ती थेट माझ्याकडे बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं. आणखी दोन क्षण तिला कळणार नव्हतं.

"काकू?" अंजली म्हणाली.

"वेदिका," मी म्हणाले.

अंजलीची नजर वळली, कोपऱ्यातल्या टेबलाकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे. प्रत तयार आहे म्हणून तिला जे पत्र गेलं होतं, त्याच्या खालीही तीच सही होती. मग वेदिका स्टेपलर खाली ठेवून, हळूच, आवाज न करता, बाहेर गेली. वऱ्हांड्याच्या टोकाचं बेसिन आहे तिकडे. नळ सुटल्याचा आवाज आला.

मी उठले.

"तुम्ही बसा," अंजली म्हणाली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. "तुम्ही नको. मी जाते."

"ती कुणाशी बोलत नाहीये."

"असू दे. मला सवय आहे." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "इथे काही वाया जात नाही काकू. कपडे, बूट, सगळं मोठीचं धाकटीला. नाव असं धाकटीला गेलेलं मात्र मी पहिल्यांदाच बघतेय."

ती गेली. तिने कागद टेबलावर ठेवला होता, वर हेल्मेट, उडू नये म्हणून. नळ बंद झाला. मी कान देऊन बसले. पाळणाघरातलं कुणीतरी रडत होतं, बायडाबाई 'आले गं बाई, आले' म्हणत तिकडे जात होती. बेसिनकडून काहीच ऐकू येत नव्हतं, ना रडणं ना बोलणं. मी दाराकडे बघत राहिले. दोघींतली कुणीही आधी येवो, माझी काही तक्रार नव्हती. कुणीच आलं नाही तर काय, एवढाच विचार मनात येत होता, आणि तो बाजूला सारला की पुन्हा येत होता.